बारामती-इंदापुराकडील हिंवाळा आणि थंडीनें पांढरीं पडणारीं बोटें

पुणें जिल्ह्याच्या पूर्व टोकास बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर रिते झालेले मेघ येथपर्यंत पोंचतात ते बहुतेक नांवालाच; वर्षाकांठीं पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोहि लहरी. चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो व भर दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. अशा मुलखाचें वर्णन करतांना उन्हाविषयीं, दुष्काळाविषयीं, नाहीं तर उंसाविषयीं लिहावयाचें अशी रीत पडून गेली आहे. परंतु गेल्या पौषांत बारामतीहून इंदापूर व तेथून भिगवण असा जो प्रवास आम्हीं केला, त्यांत आमचें लक्ष वारंवार वेधलें तें येथील थंडीकडे, आणि त्या थंडीनें माणसांच्या हातापायांच्या बोटांवर जो परिणाम होतो त्याकडे. हा रूक्ष वैद्यकाचा विषय आहे असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. ज्या घरांत दोन-चार सुना, लेकी व वृद्ध माणसें एकत्र नांदतात, अशा पुष्कळ घरांत हा विकार कोणाच्या ना कोणाच्या हातीं असतो. त्याचें नांव ठाऊक नसल्यामुळें मात्र त्यास कधीं नाजूकपणा, कधीं रक्ताची उणीव, आणि कधीं त्याहून भयंकर असें कांहीं तरी समजलें जातें.

बारामतीचें जुनें नांव द्वादशमती. कऱ्हा नदी ब्रह्मदेवाच्या कमंडलूंतून निघाली अशी कथा असल्यामुळें तिला ब्रह्मकमंडलू असेंहि म्हणतात. श्रीधरस्वामींनीं आपला ‘शिवलीलामृत’ ग्रंथ शके १६४० मध्यें याच गांवीं पुरा केला व ग्रंथाच्या शेवटीं गांवाची व नदीची नोंद करून ठेविली. पुढें त्याच शतकांत मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयास येथें राहिले, आणि पन्हाळ्यास जन्मलेल्या या पंडिताच्या आर्या बारामतीच्या म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्यांतून पाणी खेळूं लागलें आणि ज्वारी-बाजरीच्या या रानांत ऊंस उभा राहिला. आजची बारामती म्हणजे रुंद रस्ते, विद्यालयें, कारखाने व बागा यांनीं गजबजलेलें शहर आहे. तथापि जुन्या पेठेंत, काशीविश्वेश्वराच्या बाजूस, पहाटे उठून फिरावयास गेलें म्हणजे गांव अद्यापि आपल्या जुन्या वेळापत्रकानेंच जागें होतें असें दिसतें.

पौषांतली ही पहाट कडक असते. ढगांचें पांघरूण नसलेलें कोरडें आकाश दिवसभराची ऊब रात्रीं भराभर टाकून देतें. दुपारीं सदऱ्यानिशीं घाम येतो, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे पारा दहा-बारा अंशांवर, एखादे वेळीं त्याच्याहि खालीं आलेला असतो. भाजीच्या बाजारांत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या गार पाण्यांत बुडवून झटकणाऱ्या बायकांचे हात आम्हीं पाहिले. बहुतेकींचे हात थंडीनें लाल झाले होते, व तें साहजिकच होतें. परंतु एका बाईचीं दोन बोटें मात्र मधल्या पेरापर्यंत पिवळट पांढरीं दिसत होतीं, जणूं कोणी दोरा बांधून तेथपर्यंतचें रक्त अडवून धरिलें आहे. ती अधूनमधून हात कांखेंत घालीत होती व पुन्हां पाण्यांत बुडवीत होती.

आम्ही ज्या परिचितांच्या घरीं उतरलों होतों, तेथें हीच गोष्ट निराळ्या रीतीनें पुढें आली. घर मोठें, माणसें सुशिक्षित. धाकट्या भावाची मुलगी बावीस वर्षांची, पदवी परीक्षा झालेली. सकाळीं ती दुधाचीं भांडीं विसळून आली तेव्हां तिचीं तीन बोटें मेणासारखीं पांढरीं पडलेलीं आमच्या मंडळींनीं पाहिलीं. तिनें लगेच हात ओढणीखालीं घेतला. कांहीं वेळानें तीच बोटें निळसर झालीं, मग एकदम लाल होऊन ठणकूं लागलीं, आणि अर्ध्या तासाच्या आंत हात पूर्ववत् झाला. चौकशी करितां तिच्या आईनें सर्व हकीकत सांगितली. तीन हिंवाळ्यांपासून हें असें चाललें आहे. घरांतील आजींस तें कोड वाटतें. आदल्या वर्षीं मुलगी पाहण्यास आलेल्या पाहुण्यांनाहि तसाच संशय आला असावा, कारण त्यांनीं गार सरबताचा पेला घेऊन आलेल्या मुलीच्या हाताकडे पाहिलें आणि पुढें पत्रच पाठविलें नाहीं. आतां माघांत दुसरें स्थळ येणार होतें, आणि त्या दिवशीं मुलीनें कोणत्याहि गार वस्तूस हात लावूं नये असा घरांत बेत ठरला होता.

सुदैवानें त्याच दिवशीं घरचे डॉक्टर दुसऱ्या कामाकरितां आले. त्यांनीं मुलीला पुन्हां पाण्यांत हात घालावयास लावून रंग पालटलेला पाहिला, आणि मग तिचा हात कोमट पाण्यांत धरविला. पाव तासांत बोटें पूर्ववत् झालीं. ते आजींस म्हणाले, “आजी, कोड पाव तासांत येत नाहीं आणि पाव तासांत जातहि नाहीं. हें रक्ताच्या नळ्या आंखडण्याचें काम आहे. आणि कोड असतें तरी काय झालें असतें? तेंहि कोणाला लागत नाहीं.” त्यांनीं मुलीस अनेक प्रश्न विचारिले. हें केव्हां सुरू झालें, दोन्ही हातांस होतें काय, बोटांवर कधीं जखम झाली काय, सांधे सुजतात काय, कातडी घट्ट झाल्यासारखी वाटते काय, घांस गिळतांना अडचण होते काय. नखांच्या मुळाशीं तेलाचा थेंब सोडून त्यांनीं भिंगांतून तेथील बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या, व रक्ताची एक तपासणी सांगितली. आम्ही निघण्यापूर्वीं तपासणीचें उत्तर आलें; तें स्वच्छ होतें. मुलीच्या वडिलांनीं येणाऱ्या स्थळास ही गोष्ट आपण होऊन आधींच सांगावयाची असें ठरविलें. मुलगीहि त्यानंतर घरांत हात झांकून वावरतांना आम्हांस दिसली नाहीं.

या विकारास वैद्यकांत रेनोचा विकार म्हणतात. मॉरिस रेनो हा फ्रेंच वैद्य १८३४ सालीं जन्मला व १८८१ सालीं वारला. १८६२ सालीं पॅरिस येथें पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधांत त्यानें अशा रोग्यांचें बारकाईनें वर्णन केलें. थंडीनें अगर मनाला बसलेल्या धक्क्यानें हातापायांचीं बोटें प्रथम पांढरीं, मग निळीं, व शेवटीं लाल होतात, हें त्यानें मांडिलें, आणि दोष मज्जातंतूंचा आहे असा तर्क केला. १९२९ सालीं इंग्लंडांतील सर टॉमस लुईस यांनीं प्रयोग करून दोष खुद्द बोटांतील रक्तवाहिन्यांतच आहे असें प्रतिपादन केलें. आज दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे असें मानिलें जातें.

बोटांचे तीन रंग कां होतात हें समजून घेण्यास फारसें शास्त्र लागत नाहीं. आपल्या शरीराची पहिली चिंता म्हणजे हृदय, मेंदू, यकृत इत्यादि आंतील अवयव उबदार राखणें. बाहेर गारठा पडला कीं शरीर हातापायांच्या टोकांकडे जाणारें रक्त कमी करितें, म्हणजे तेथून ऊब वायां जात नाहीं. बोटांच्या कातडींत यासाठीं खास आडवाटा आहेत; त्या उघडल्या म्हणजे रक्त भरपूर वाहतें, मिटल्या म्हणजे अगदीं थोडें. ही व्यवस्था प्रत्येकांत आहे. रेनोच्या विकारांत ती मर्यादा सोडून वागते. थोड्याशा गारव्यानेंहि लहान धमन्या इतक्या आंखडतात कीं बोटांत रक्त जवळजवळ येतच नाहीं. तेव्हां बोट पांढरें दिसतें. आंत अडकून राहिलेल्या रक्तांतला प्राणवायु संपला म्हणजे तें निळें दिसतें. पुढें धमन्या सैल होऊन ताज्या रक्ताचा लोंढा आला म्हणजे तें लाल होतें, चुरचुरतें व ठणकतें. सर्वांस तिन्ही रंग दिसतातच असें नाहीं. सांवळ्या वर्णाच्या हातावर पांढरेपणा राखेसारखा अगर पिवळट दिसतो. आंगठा बहुधा सुटतो. कांहींच्या पायांचीं बोटें, नाकाचा शेंडा, कानांच्या पाळ्या, व अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणींचीं स्तनाग्रें यांसहि हा त्रास होतो. बाळ पिऊन झाल्यावर ज्या बाळंतिणीस असह्य ठणका लागतो तिच्या बाबतींत हें कारण घरच्या वडील बायकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

बारामतीहून आम्ही निघालों तो रस्ता आषाढांत तुकोबांच्या पालखीचा. काटेवाडीस पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें, पुढें बेलवाडीस अश्वांचें. पौषांत मात्र हा रस्ता उंसाचा असतो. भवानीनगरच्या छत्रपति कारखान्याचा धूर दुरून दिसतो. जंक्शनावरून दक्षिणेस वळलें कीं वालचंदनगर लागतें. वालचंद हिराचंद यांनीं गेल्या शतकाच्या चवथ्या दशकांत माळरानावर उभें केलेलें हें साखरेचें गांव आहे. रस्त्याच्या कडेला ऊंसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या. बीड-नगरकडून दिवाळीच्या सुमारास आलेलीं हीं कुटुंबें उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येथेंच राहतात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी. पहाटे दंवानें चिंब भिजलेल्या उंसांत तीं शिरतात, आणि मोळ्या गाडींत भरेपर्यंत त्यांच्या हातापायांस कोरडेपणा ठाऊक नसतो. दुसरीकडे उंसाला दारें धरणारा शेतकरी. शेतीपंपांची वीज पुष्कळ गांवीं रात्रीच्या पाळीनें मिळत आल्यामुळें अनवाणी पायांनीं चिखलांत उभें राहून मध्यरात्रीं वाफ्यांना पाणी देणें हें या बाजूच्या माणसाच्या अंगवळणी पडून गेलें आहे.

या उष्ण मुलखांत हा विकार कसा, या शंकेचें उत्तर येथेंच मिळतें. बोटांतील धमन्या बाहेर किती अंश आहेत हें मोजीत बसत नाहींत. ऊब आणि गारवा यांतील फरक त्यांना जाणवतो. थंड देशांत हा विकार अधिक दिसतो हें खरें, कारण तेथें हिंवाळा मोठा. पण तेथील माणूस लोंकरीचे हातमोजे घातल्यावांचून घराबाहेर पडत नाहीं. आमच्याकडे हिंवाळा थोडक्या दिवसांचा म्हणून त्याची तयारीच नसते. सुती कपडे, पायांत वहाण, फरशी उघडी, टांकींतलें पाणी गार. चाळीस अंशांच्या उन्हांतून येऊन शीतपेटींतील बर्फाचें भांडें हातीं धरणाऱ्या बाईचीं बोटें भर वैशाखांतहि पांढरीं पडूं शकतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दर शंभर माणसांत सुमारें तीन ते पांच जणांस हा विकार असतो असें दिसून आलें आहे, व पुरुषांपेक्षां बायकांत तो अधिक आढळतो. काटेवाडीकडील धनगर मात्र या बाबतींत शहाणा आहे. खांद्यावरची घोंगडी तो बारा महिने सोडीत नाहीं. पावसांत तीच छत्री, उन्हांत तीच सांवली, व रात्रीं तीच पांघरूण.

निमगांव केतकीस आलें म्हणजे पानमळे दिसूं लागतात. नागवेलीचीं हीं हिरवींगार पानें पाहून डोळे निवतात. पण पानाबरोबर तंबाखूचा विषय निघतो, आणि तो आमच्या विषयाशीं निगडित आहे. तंबाखूंतील निकोटीन रक्तवाहिन्या आंखडवितें. ज्याच्या धमन्या आधींच आंखडण्यास उत्सुक, त्यानें विडी ओढणें म्हणजे दाराबाहेर उभ्या असलेल्या चोरास कडी काढून देणें होय. या भागांतील पुष्कळ बायका “आम्ही कुठें विडी ओढतों?” असें म्हणतात, आणि सकाळीं मिश्री लावल्यावांचून त्यांच्या तोंडाला चव येत नाहीं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तींतलें निकोटीन हिरड्यांवाटे रक्तांत जातें व तेंच कार्य करितें.

तरुण पुरुषांमध्यें याहून घोर असा एक विकार आहे. लिओ बर्गर यानें १९०८ सालीं त्याचें विस्तृत वर्णन केलें, म्हणून तो बर्गरचा रोग. यांत हातापायांच्या धमन्यांस सूज येऊन त्या गोठलेल्या रक्तानें बंद होतात. आरंभीं बोटें गार व निळीं पडतात, चालतांना पाऊल दुखतें, मग न भरणारी जखम होते, आणि शेवटीं बोट काळें पडून कापावें लागतें. हिंदुस्थानांत विडी ओढणाऱ्या तरुणांत हा रोग पुष्कळ दिसत आला आहे. यास खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे तंबाखू समूळ सोडणें. दिवसाला एकच विडी असा हिशेब येथें चालत नाहीं. ज्यानें ती पूर्ण सोडली त्याचे पाय बहुधा वांचतात. ज्यानें सोडली नाहीं त्याचीं बोटें एकामागून एक जातात. घरांतील पंचविशी-तिशीच्या मुलाच्या एकाच पायाचें बोट निळें दिसूं लागल्यास तें थंडीचें म्हणून सोडून देऊं नये, हें सांगण्यासाठींच आम्हीं हा परिच्छेद लिहिला आहे.

इंदापुरास छत्रपति शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे रणांत पडले. त्यांच्या गढीचे अवशेष पाहून आम्ही गांवाबाहेर आलों तों एका शेतांत विहिरीचें काम चालू होतें. काळा पाषाण हातांतल्या दाबयंत्रानें फोडण्याचें काम एक तरुण करीत होता. यंत्र थांबल्यावरहि त्याचे हात कांहीं वेळ थरथरत राहिले. हादऱ्याच्या यंत्रांवर वर्षानुवर्षें काम करणाऱ्यांचीं बोटें पांढरीं पडतात हें १९१८ सालीं अमेरिकेंत इंडियाना प्रांतांतील बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत डॉ. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीनें तपासून दाखविलें. हवेच्या दाबानें चालणाऱ्या हातोड्या वापरणाऱ्या पाथरवटांत हा विकार तिला सर्रास आढळला, आणि हिंवाळ्याच्या सकाळीं त्याचा जोर अधिक असे. हादऱ्यानें बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतु दोन्ही बिघडतात. आमच्याकडे विहिरी, खडीच्या खाणी, रस्ते यांवर अशीं यंत्रें आतां गांवोगांव दिसतात. मुकादमानें कामाच्या पाळ्या आलटून-पालटून लावाव्या, हातमोजे द्यावे, यंत्र अति घट्ट धरूं देऊं नये, आणि बोटें पांढरीं पडूं लागलेल्या माणसास त्या कामावरून काढून दुसरें काम द्यावें.

इंदापुराहून सोलापूर-पुणें महामार्गानें पश्चिमेस निघालों म्हणजे उजव्या हातास उजनी धरणाचा विस्तीर्ण फुगवटा दिसूं लागतो. भीमेवरचें हें धरण १९८० सालीं पुरें झालें; कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि पळसदेवचें जुनें मंदिर पाणी उतरलें म्हणजे पुन्हां डोकें वर काढतें. भिगवणच्या बाजूस हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गुलाबी झांक असलेले हे उंच पक्षी तासन्‌तास गार पाण्यांत निर्धास्त उभे असतात. त्यांच्या पायांत वरून खालीं येणारें उष्ण रक्त व खालून वर जाणारें गार रक्त यांच्या नळ्या इतक्या लगटून आहेत कीं वरचें रक्त आपली ऊब वाटेंतच परत येणाऱ्या रक्तास देऊन टाकतें. पाय गार राहतात, पण शरीराची ऊब जात नाहीं, आणि पायास इजाहि होत नाहीं. मनुष्यास ही सोय इतक्या प्रमाणांत नाहीं. तेथेंच कांठावर मासळीच्या बाजारांत बर्फाचे गोळे फोडून मासे रचणाऱ्या माणसांचे हात पाहिले म्हणजे हा भेद चांगलाच ध्यानांत येतो.

भिगवणचें नांव पक्ष्यांमुळें सर्वांस ठाऊक झालें आहे. परंतु वैद्यकाच्या जगांत तें दुसऱ्याच कारणानें प्रसिद्ध आहे. १९९६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड नांवाच्या उपक्रमांत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं या गांवांतील प्रौढ स्त्रीपुरुषांची घरोघर पाहणी केली. गांवांतीलच स्वयंसेवकांना शिकवून तयार करण्यांत आलें. ४०९२ प्रौढांची चौकशी झाली, त्यांत ७४६ जणांनीं, म्हणजे शेंकडा १८.२ जणांनीं, सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली. सांधे वाकडे करणारा खरा आमवात सुमारें दर दोनशें प्रौढांत एकास आढळला. खेड्यांतील कष्टाळू माणसांस असले रोग होत नाहींत, हा समज त्या पाहणीनें मोडून काढला.

रेनोच्या विकाराशीं या पाहणीचा संबंध असा कीं, बोटें पांढरीं पडणें हें कधीं कधीं अशा सांध्यांच्या व संयोजक ऊतींच्या रोगांचें पहिलें चिन्ह असतें. म्हणून वैद्य या विकाराचे दोन प्रकार मानतात. पहिला प्रकार निरुपद्रवी. तो बहुधा पंधरा ते तीस वयाच्या दरम्यान सुरू होतो, दोन्ही हातांस सारखा होतो, जखमा करीत नाहीं, कधीं कधीं आईकडून लेकीकडे येतो, आणि त्यानें आयुष्य कमी होत नाहीं. बहुसंख्य लोकांचा विकार या प्रकारचा असतो. बारामतीच्या त्या मुलीचाहि होता. दुसरा प्रकार दुसऱ्या कोणत्या तरी रोगाच्या पाठीमागून अगर पुढून येतो. त्यांत मुख्य स्क्लेरोडर्मा. यांत कातडी लांकडासारखी ताठ होत जाते, व पुढें फुप्फुसें, मूत्रपिंडें, अन्ननलिका यांपर्यंत रोग पोंचूं शकतो. या रोगाच्या दर शंभर रोग्यांपैकीं नव्वदांहून अधिकांस बोटें पांढरीं पडण्याचा त्रास असतो, आणि पुष्कळांस तो इतर लक्षणांच्या कित्येक वर्षें आधीं सुरू झालेला असतो. ल्यूपस व आमवात या रोगांतहि तो दिसतो. म्हणून चाळिशीनंतर प्रथमच बोटें पांढरीं पडूं लागणें, एकाच हातास त्रास होणें, बोटांच्या शेंड्यांवर जखमा होणें, बोटें सुजणें व कातडी आवळणें, गालांवर लाल पुरळ, दम लागणें, गिळतांना अडणें, यांपैकीं कांहींहि असेल तर तपासणीस विलंब लावूं नये. नखांच्या मुळाशीं भिंगानें पाहणें व रक्तांतील विशिष्ट प्रतिद्रव्यांची परीक्षा, या दोन गोष्टींनीं पहिला व दुसरा प्रकार बहुधा निवडतां येतो. यासाठीं पूर्वीं पुण्यास धांव घ्यावी लागे. २०१९ सालीं बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून या दोन्ही तालुक्यांतील लोकांस आरंभीच्या तपासणीकरितां जवळचें ठिकाण झालें आहे.

आतां घरांत काय करावें तें सांगतों. केवळ हात उबदार ठेवून भागत नाहीं, सर्व शरीर उबदार ठेविलें पाहिजे. छाती-पोट गारठलें कीं शरीर बोटांचें रक्त तोडतेंच. पहाटे उठतांच पायांत मोजे, अंगावर शाल, व बाहेर पडण्यापूर्वींच हातमोजे घालावे. बोटें पांढरीं पडल्यावर घातलेल्या हातमोज्यांचा उपयोग थोडा. झटका आल्यास हात कांखेंत धरावे, कोमट पाण्यांत बुडवावे, अगर दंड गोल फिरवावे. चुलीवर, शेगडीवर किंवा कढत पाण्यांत बोटें कधींहि धरूं नयेत. बधिर झालेल्या बोटांस चटका कळत नाहीं व फोड येतात. माघस्नान असो, सोवळ्यांतला स्वयंपाक असो, ज्या बाईस हा विकार आहे तिनें पाणी कोमट घ्यावें. ऊन पाण्यानें पावित्र्य उणें होतें असें मानण्याचें कारण नाहीं. तंबाखू व मिश्री सोडावी. रक्तदाबाकरितां, अर्धशिशीकरितां अगर पडशाकरितां घेतलेल्या कांहीं गोळ्यांनीं हा विकार बळावतो. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांस दाखवावी, पण त्यांस विचारल्यावांचून कोणतेंहि औषध बंद करूं नये. एवढ्यानें न भागल्यास निफेडिपीन, ॲम्लोडिपीन यांसारखीं रक्तवाहिन्या सैल करणारीं औषधें आहेत, आणि जखमा होणाऱ्या रोग्यांकरितां याहून प्रबळ औषधेंहि आहेत. तीं वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं. एखादें बोट ऊब देऊनहि तासाभरांत पूर्ववत् झालें नाहीं, किंवा त्यावर काळा डाग दिसला, तर मात्र सकाळ होण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

एकत्र कुटुंबाचा एक मोठा गुण असा कीं कामें वांटून घेतां येतात. ज्या सुनेचीं बोटें पांढरीं पडतात तिच्याकडे पोळ्या, फोडणी, मुलांचा अभ्यास हीं कामें द्यावीं, आणि पहाटेचीं भांडीं व भाजी धुणें जिचे हात सोसतील तिनें घ्यावें. यांत कोणावर उपकार नाहीं व कोणाचा आळसहि नाहीं. मात्र अशी वांटणी होण्यास त्रास बोलून दाखविला पाहिजे, आणि तो ऐकून घेणारें वडील माणूस घरांत पाहिजे. बारामती-इंदापुराच्या बाजूस थंडी दीड-दोन महिन्यांची. तेवढ्यापुरतीं घरोघरच्या वडील बायकांनीं पहाटे आपल्या सुनांच्या व लेकींच्या हातांकडे एक नजर टाकावी. बोटें पांढरीं दिसलींच तर रागावूं नये, घाबरूं नये, आणि लपवूंहि नये. हात आधीं कोमट पाण्यांत घालावा, व मग वैद्यास दाखवावा.